साखर उतरवणारा हात

पडद्यावर लाल आकडा होता २८६, आणि धारूरच्या केज रस्त्यावरच्या मंगल कार्यालयातली सहा-सातशे माणसं शेवटचं मंगलाष्टक संपायची वाट बघावी तशी त्या आकड्याकडे बघत होती. पंखे फिरत होते, तरी घाम निथळत होता. कुणी म्हाताऱ्या बापाला धरून आणलं होतं, कुणी पाय कापलेल्या आईला खुर्चीसकट उचलून. एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. प्रत्येकाच्या घरात साखरेचा आजार होता आणि प्रत्येक जण त्याला कंटाळला होता.

व्यासपीठावर पाटावर बंकटमामा बसले होते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर, मधुमेह पंधरा वर्षांचा. डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली. हा साखर मोजणारा सेन्सर. त्याच्या खाली केसासारखी बारीक तार असते, ती कातडीत रुतून बसते आणि दर मिनिटाला साखरेचा आकडा मोबाईलवर पाठवते. मामांचा मोबाईल मोठ्या पडद्याला जोडला होता.

"मी कोण?" बिभीषण महाराजांनी माईकवर विचारलं. पांढरं धोतर, मनगटावर चकचकीत घड्याळ, आवाज मधात बुडवलेला. "मी कुणी न्हाई! मी हवेतून अंगठी काढत न्हाई, राख काढत न्हाई. ते जुने बाबा गेले. हे सायन्सचं युग आहे. मशीन परदेशातलं, मोबाईल तुमचा, दंड मामांचा. माझं काय? फक्त हा हात! माणूस खोटं बोलेल, बाबा खोटं बोलेल, पण मशीन खोटं बोलतं का?"

"न्हाई!" सभागृह गरजलं.

"हे काय आहे?"

"सिताफळ!"

"डॉक्टर म्हणतो विष. मी म्हणतो आपल्या बालाघाटाचा प्रसाद. खा मामा!"

मामांनी पिकलेलं सिताफळ फोडलं. एक खाल्लं, दुसरं खाल्लं, रस कोपरापर्यंत ओघळला. महाराजांनी डोळे मिटले, तळहात मामांच्या दंडावर चकतीसकट घट्ट आवळला आणि ओरडले, "साखरे, उतर!"

"उतर! उतर!" लोकांनी ताल धरला.

२८६. २७९. २५१. २०७. बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. १६४. बाराव्या मिनिटाला आकडा १२८ वर आला, आणि मामा पाटावरच हुंदके देऊ लागले. "पंधरा वर्सांत गोड खाऊन आकडा उतरल्याला पैल्यांदा बघितला हो!"

मी खांबाला टेकून उभी होते. माझं नाव स्वप्नाली. धारूरच्या बसस्टँडसमोर माझी रक्त तपासायची लॅब आहे. तालुक्यातल्या निम्म्या लोकांची बोटं मी टोचलेली आहेत. बाबा-बुवांवर माझा कधी विश्वास नव्हता. तरी खरं सांगते, त्या दिवशी तो आकडा उतरताना माझीही नजर पडद्यावरून हलेना. कारण आकडा खोटा वाटत नव्हता. पडदा तोच, मोबाईल मामांचाच. मग हे झालं कसं?

माझ्या शेजारी माझे चुलत भाऊ श्रीशैलअण्णा, शिवम्मावहिनी आणि त्यांची अकरा वर्षांची रुद्राणी उभी होती. अण्णांचं बाजारात भुसार मालाचं दुकान. रुद्राणीला आठव्या वर्षी मधुमेह निघाला, तोही लहान मुलांना होणारा. या आजारात शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं. मोठ्या माणसांसारखं गोळीवर भागत नाही. बाहेरून इन्सुलिन टोचलं नाही तर काही दिवसांत जीव जातो. दिवसाला चार सुया इन्सुलिनच्या आणि सहा वेळा बोट टोचायचं. तीन वर्षांत लेकराच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती. वहिनी टोचायला बसली की रुद्राणी आधी तोंड फिरवायची, आणि टोचून झालं की वहिनी मोरीत जाऊन रडायची.

सहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या मावशीने तो सेन्सर पाठवला. लावून दिला मीच. आणि लावताना मीच म्हणाले होते, "वहिनी, आता बोट टोचायचं विसरा."

हे वाक्य मला फार महाग पडणार होतं.

"कुणी लहान लेकरू हाय का?" महाराजांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत वहिनी रुद्राणीला घेऊन पायऱ्या चढली.

आकडा २३२ होता. महाराजांनी पोरीचा दंड धरला. पोरीचं तोंड वाकडं झालं. "दुखतंय."

"दुखणारच बाळा, आजार निघतोय ना!"

२३२ वरून ११८. वहिनीने व्यासपीठावरच लोटांगण घातलं. महाराजांनी पोरीच्या दंडाला भगवा पट्टा बांधला. पट्ट्यात सुपारीएवढा लाकडी मणी शिवलेला होता. तो मणी त्यांनी बोटाने सरकवून बरोब्बर सेन्सरवर आणला आणि पट्टा आवळला. "हा शर्कराबंध. माझा हात इथं न्हाई, पण बंध आहे. तीन पथ्यं पाळायची. बंध आंघोळीलाही सोडायचा नाही. इन्सुलिन बंद. आणि बोटातून रक्ताचा एक थेंबही काढायचा नाही. रक्त सांडलं की दीक्षा सांडली!"

हे ऐकून मी भानावर आले. पुढे होऊन ओरडले, "महाराज, मी लॅबवाली आहे. आत्ता इथंच पोरीचं बोट टोचून बघू. आकडा खरा असेल तर रक्तातही तोच येईल की!"

महाराज हसले. "बघा! ताईंचा धंदाच सुईचा. लोकांच्या सुया बंद झाल्या तर ताईंचं दुकान कसं चालायचं?"

अख्खं मंगल कार्यालय माझ्यावर हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाजूला करा की बे तिला." मी बाजूला झाले.

घरी जाताना मी वहिनीला म्हणाले, "पट्टा राहू द्या, पण इन्सुलिन बंद करू नका. हात जोडते."

"वन्सं, पोरीला तीन वर्सं मी टोचलं, तुमी न्हाई," वहिनी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. इतकी आनंदात मी तिला कधी बघितली नव्हती. "मशीन तुमीच लावलं. बोट टोचायचं इसरा, हे तुमीच म्हणलात. आता तेच मशीन चांगलं बोलतंय तर तुमाला खरं वाटंना. कावून?"



ही सभा रविवारची. सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मोबाईलवर १२४. घरात सणासारखं वातावरण. अण्णांनी दुकानात येईल त्याला मोबाईल दाखवला होता. रुद्राणी मात्र तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. "ऊन हाय ना," वहिनी म्हणाली. मी पिशवीतून ग्लुकोमीटर काढला तशी ती पोरीच्या आडवी उभी राहिली. "तेवढं सोडून बोला."

मी निघून आले. माझी ती चूक मी आजही लपवत नाही. नातं तुटेल म्हणून भिऊन मी निघून आले.

मंगळवारी लॅबमधून सुटून गेले तर रुद्राणी भिंतीला टेकून बसली होती आणि वहिनी तिला गुळाचा खडा भरवत होती.

"हे काय?"

"आकडा बघा की, बासष्ट! लईच उतरली साखर. चक्कर येतीया लेकराला. म्हणून गूळ देतेय."

आदल्या दिवशी पट्टा सैल वाटला म्हणून अण्णांनी तो आणखी आवळला होता. पोरीचे डोळे खोल गेले होते. मी म्हणाले, "अण्णा, साखर बासष्ट असेल तर माणसाला घाम येतो, हात थरथरतात. ही वाळून चाललीय. दर तासाला लघवीला जातेय. ही साखर वाढल्याची लक्षणं आहेत."

अण्णा मोबाईलकडे बघत राहिले. "पर आकडा..."

"आकडा बाजूला ठेवा, पोरीकडे बघा!"

"वन्सं," वहिनी दाराकडे हात करून म्हणाली, "तुमाला आमचं सुख बघवत नसंल तर येऊ नका."

बुधवारी सकाळी साडेसातला अण्णांचा फोन आला. "ये. लगोलग ये."

रुद्राणी रात्रीपासून ओकत होती. आता पोटात काही नव्हतं, तरी उमासे येत होते. श्वास खोल आणि भराभर चालला होता, जणू धारूरच्या किल्ल्याचा चढ पळत चढून आलीय. तोंडाजवळ वाकले तर सडत आलेल्या फळासारखा गोडसर वास. हा वास मी पूर्वी एका आजारी पोराच्या तोंडाला घेतला होता. तो पोरगा वाचला नव्हता.

"वहिनी, सरका."

"रक्त न्हाई काढायचं! बाबा म्हणले दीक्षा सांडंल!" तिने माझं मनगट धरलं. तिच्या नखांचे व्रण नंतर चार दिवस राहिले. "आकडा एकाहत्तर हाय! एकाहत्तर! मंग हिला काय होतंय? तूच सांग, काय होतंय माझ्या लेकराला!"

ती ओरडत होती, मी ओरडत होते, अण्णा मोबाईल हातात घेऊन पुतळ्यासारखे उभे होते. आणि त्या गोंधळात माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं. रुद्राणीने हात पुढे केला होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ फुटलेले. इतर बोटं मिटून एकच बोट तिने माझ्यापुढे धरलं होतं. तीन वर्षं जे बोट ओढून घ्यावं लागायचं, ते.

वहिनीची पकड सुटली. मी बोट पुसलं, टोचलं, थेंब तपासणीच्या पट्टीला लावला. पाच सेकंदांनी ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. अण्णांनी जुळवून वाचलं, "हाय... हाय म्हंजे काय हाय?"

"सहाशेच्या वर, अण्णा. मोजता येत नाही इतकी. जीप काढा!"

धारूरहून अंबाजोगाई तासाभराची वाट. मागच्या सीटवर वहिनीने पोरीला मांडीवर घेतलं होतं. मी घाट उतरायच्या आधीच कात्रीने पट्टा कापला. मण्याखाली दंडाला खळगा पडला होता, त्यात सेन्सर रुतलेला, भोवतीची कातडी पांढरीफटक. अण्णांचा मोबाईल वहिनीच्या हातात होता. तिने सवयीने बघितला.

"एकाहत्तर," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "शंभर."

जीप खड्ड्यांतून आदळत होती.

"एकशे साठ." मग, "दोनशे चाळीस. वन्सं, हे वाढतंय. कावून वाढतंय? आपण तर काय दिलं न्हाई तिला."

"पट्टा सोडला म्हणून."

"तीनशे तीस," वहिनी म्हणाली. "चारशे दहा. अगं माय, म्या हिला गूळ चारला. ह्या हातानं गूळ चारला!" तिने आपलं कपाळ जीपच्या लोखंडी दांडीवर आपटलं, एकदा, दोनदा. मी तिचं डोकं धरून ठेवलं. रुद्राणी हाकेला ओ देत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर ऋतुजा म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी वास घेतला, श्वास बघितला आणि एक प्रश्नही न विचारता सलाईन लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "दुपार उलटली असती तर मी काही करू शकले नसते. आताही खात्री देत नाही."

तीन दिवस खात्री नव्हती. तीन दिवस अण्णा आणि वहिनी आय.सी.यू.च्या दाराबाहेर फरशीवर बसून होते. चौथ्या दिवशी पोरीने पाणी मागितलं.

पाचव्या दिवशी मी एकटी तिच्याजवळ बसले होते. ती म्हणाली, "आत्या, मला ठाऊक होतं."

"काय?"

"दुपारी मी या दंडावर झोपले ना, की फोन ओरडतो. साखर कमी, साखर कमी. कूस बदलली की आकडा आपोआप वर येतो. किती डाव झालंय. महाराजांनी बी तिथंच दाबलं. मणी बी तिथंच."

सातशे माणसांच्या सभेत, लॅबवाली मी तिथं असताना, ही गोष्ट एका अकरा वर्षांच्या पोरीला समजली होती.

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "आईला लई आनंद झालता."

मी बाहेर जाऊन डॉक्टर ऋतुजांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलतेय. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. कातडीखाली जो द्रव असतो त्यातली मोजतो. तिथं दाब पडला की आकडा खोटा उतरतो. आणि त्या द्रवात साखर रक्ताच्या मागून पोचते, दहा-पंधरा मिनिटांनी. म्हणून खाल्ल्या खाल्ल्या आकडा चढतही नाही. सेन्सरच्या खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं हे."

तो कागद मी कधी उघडलाच नव्हता.

धारूरला आल्यावर मी रुद्राणीचा एक शिल्लक सेन्सर माझ्याच दंडावर लावला. मला मधुमेह नाही. आकडा १०४. तीन बोटांनी दाबून बसले. दहा मिनिटांत ६६. बोट टोचलं, १०१. झाला चमत्कार! तेवढ्या तीन बोटांच्या जोरावर बिभीषण महाराज जिल्हा फिरत होते. ते पूर्वी औषधं विकायला दवाखान्यांतून फिरायचे आणि आता सभेत पट्ट्याबरोबर सेन्सरही विकायचे, हे पुढे कळलं. खोक्यातला कागद त्यांनी मात्र नीट वाचला होता.

मी बंकटमामांकडे गेले. ते बाजेवर पडून होते. पायाला जखम, तिच्यावर माश्या. दंडाला पट्टा. टोचू देईनात. "पोरी, जिंदगीभर लोकांनी सुट्ट्या पैशासाठी शिव्या दिल्या. त्या दिवशी सातशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खोटं कसं म्हणू?"

मी त्यांना रुद्राणीची हकिगत सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी स्वतःच बोट पुढे केलं. ४३१. मामांनी दंडावरचा पट्टा ओढून काढला. मग म्हणाले, "तिकीट फाडल्याबिगर म्या बापाला बी गाडीत घेतलं न्हाई. आन् ह्यानं मला बिनतिकिटाचं फिरवलं. पुढची सभा कुठं हाय त्याची?"

नांदूरघाटला, येत्या रविवारी, बाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तोवर मामांनी इन्सुलिन पुन्हा सुरू केलं, जखमेला मलमपट्टी केली. शनिवारी त्यांच्या उजव्या दंडावर मी दुसरा सेन्सर लावला आणि वरून पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला. पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, त्यामुळे दोन शिपाई साध्या कपड्यांत आले.

नांदूरघाटची गर्दी धारूरच्या दुप्पट होती. महाराजांनी धारूरचे चमत्कारी पुरुष म्हणून बंकटमामांना स्वतः वर बोलावलं. डावी बाही वर झाली. सिताफळ झालं, "उतर, उतर" झालं. २४३ वरून आकडा १३९ वर आला.

"मशीन खोटं बोलतं का?" महाराजांनी विचारलं.

"न्हाई!"

"न्हाई ना?" बंकटमामा पाटावरून उठले आणि कंडक्टरच्या खड्या आवाजात म्हणाले, "मंग हे बी मशीनच हाय. हे काय म्हणतंय तेबी बघा." त्यांनी सदरा काढला. उजव्या दंडावर तीच पांढरी चकती. खाली श्रीशैलअण्णांनी तिला जोडलेला मोबाईल डोक्यावर धरला आणि ओरडून वाचला, "दोनशे एक्कावन्न!"

"एका दंडात एकशे एकोणचाळीस, दुसऱ्यात दोनशे एक्कावन्न," मामा म्हणाले. "दोन मशिनीत धा-ईसचा फरक आसतो म्हणं. पर शंभराचा? माझ्या अंगात रक्त एकच हाय का दोन?"

महाराजांचा चेहरा उतरला, पण जीभ सुटली. "ते दुसरं मशीन बिघडलंय!"

"म्हंजे मशीन खोटं बोलतंय?" मामांनी विचारलं.

मग मागे एक बाई खुदकन हसली.

मी वर गेले. मामांचे हात साबणाने धुतले, कारण बोटाला सिताफळाचा रस राहिला तर रक्ताची तपासणीही चुकते. हे मी माईकवर सांगितलं. लपवायचं काही नव्हतं. बोट टोचलं, आकडा पोलिसांना वाचायला लावला. २५८. "आता डाव्या दंडाला कुणी हात लावू नका, आणि पडद्याकडे बघा."

१३९ चा १५२ झाला, १५२ चा १८०. महाराजांचा एक शिष्य पडदा बंद करायला धावला, शिपायाने त्याची कॉलर धरली. थोड्या वेळापूर्वी उतरलेली साखर सगळ्या गावासमोर चढत चालली होती.

"तुमच्यापैकी ठिबक कुणाकडे आहे?" मी विचारलं. शे-दोनशे हात वर झाले. "नळीवर पाय दिला तर झाडाखालची माती सुकते. म्हणून विहीर आटली का? रक्त म्हणजे विहीर. हे यंत्र माती बघतं. यांनी नळीवर पाय दिला आणि विहीर आटली म्हणून सांगितलं. तुमचा पट्टाही तेच करतोय."

काही जण महाराजांच्या अंगावर धावले, पोलिसांनी त्यांना मागे रेटलं आणि महाराजांना ताब्यात घेतलं. काही जण तरीही पाया पडत होते. पण बरेचसे लोक माझ्याकडे आले, बोट पुढे करून. मी तपासणीच्या पन्नास पट्ट्या नेल्या होत्या. ३८८. ४१२. ३५६. एका म्हाताऱ्याची पुन्हा तीच दोन इंग्रजी अक्षरं. त्याला पोलिसांच्याच गाडीतून पाठवलं.

पट्ट्या संपल्या तेव्हा एक पस्तिशीचा माणूस समोर आला. खांद्यावर घोंगडी, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात भगवा पट्टा. चकलांब्याचा परमेश्वर नावाचा मेंढपाळ. आईचं नाव बायडाबाई.

"ताई, माय चार दिसांखाली गेली," तो म्हणाला. "एवढा पट्टा बाबाला माघारी द्यायला आलतो. फोनवर एकशे नऊ होतं. आमी म्हणलो, साखर तर चांगली हाय, थकली आसंल, पडू द्या. धाप लागलती तिला. पाणी पाणी करत हुती." त्याने पट्टा माझ्यासमोर धरला. "हे सोडलं आसतं तर वाचली आसती का?"

खोटं बोलून त्याला मोकळं करावं असं फार वाटलं. पण खोट्यानेच हे सगळं झालं होतं.

"वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर बहुतेक वाचल्या असत्या," मी म्हणाले.

तो पट्टा मुठीत धरून खाली बसला. शिवम्मावहिनी गर्दीतून पुढे आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने त्याला हात लावला नाही, समजूत घातली नाही. नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने तोच उठला, व्यासपीठावर चढला आणि माईक तोंडाशी धरून म्हणाला, "ज्याच्या घरी पट्टा हाय त्यानं आत्ताच फोन लावा. सोडा म्हणा. आत्ताच."

शेडमध्ये शेकडो फोन एकदम लागले. "सोड गं पट्टा... व्हय, काप... दादाला दवाखान्यात ने..." इतके आवाज मिसळले की एकही नीट ऐकू येईना.

मी सेन्सर फेकून द्या म्हणत नाही. चांगलं यंत्र आहे ते, लेकरांचे हाल वाचवतं, आणि रुद्राणी आजही तेच वापरते. पण यंत्राला जेवढं कळतं तेवढंच ते सांगतं, बाकीचं आपण बघायचं असतं. आकडा एक सांगत असेल आणि माणसाचं अंग दुसरं, तर अंगावर विश्वास ठेवा, हात धुवा आणि बोट टोचून बघा. पाच सेकंद लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन कुणाच्याही शब्दावर बंद करू नका, तो शब्द देवाच्या नावाने आलेला असो की सायन्सच्या. आणि एवढं तरी ध्यानात ठेवा: खरी गोष्ट तपासणीला भीत नाही. जो म्हणतो तपासू नका, त्याच्या दारातून आपलं माणूस उचला आणि दवाखान्याची वाट धरा.